जुने शहराची दहा दिवसांची शिदोरी

मंडळी, पोस्ट लांब आहे. घाईत असाल तर सेव्ह करा आणि रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण वाचा.

कलम १४४ म्हटलं की जुने शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिले दंगल येते. मे २०२३ मध्ये एका सोशल मीडिया पोस्टवरून काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं, त्यावर आज लिहीत नाही. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात, अकोला जिल्ह्यात पुन्हा १४४ लागलं. या वेळी कारण दंगल नव्हतं, ऊन होतं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला होता. ३१ मेपर्यंत आदेश होता: कामाच्या ठिकाणी मालकांनी पाणी आणि सावली द्यावी, खाजगी शिकवण्या सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घेऊ नयेत. देशभरच्या चॅनेलनी बातमी चालवली. आपल्याकडे मात्र लोक हसले. "उन्हावर कायची जमावबंदी, बाप्पा? इथं दुपारी कुत्रं फिरत नाही रस्त्यावर."

हसण्यासारखं होतंच. पण आपल्या गावाला कशाकशापासून धोका आहे आणि धोका आला तर गावात स्वतःचं असं काय शिल्लक आहे, हे दोन प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसले. सरकारी कागदात हे दोन वेगवेगळ्या खात्यांचे विषय आहेत. आपत्ती एका टेबलावर, पाणी-धान्य दुसऱ्या टेबलावर. मी अकोल्याचा जुना इतिहास वाचत गेलो तसं वाटायला लागलं की हा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे. आपल्या पूर्वजांनी तो एकाच वहीत मांडला होता.

सुरुवात गावाच्या जागेपासून करतो. अकोलसिंहाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याने म्हणे एका सशाला कुत्र्याच्या मागे धावताना पाहिलं, जागा शुभ मानली आणि मातीचा कोट घातला. गोष्ट खरी-खोटी जाऊ द्या. पण पुढे १६९७ च्या सुमारास, औरंगजेबाच्या काळात, त्याचा वजीर असद खान याच्या नावाने इथे जो किल्ला मजबूत झाला, तो असदगड कुठे आहे ते एकदा पायी जाऊन पाहा. मोर्णेच्या पश्चिम काठावर, नदीला खेटून, पण उंचावर. नदीचं पाणी हाताशी पाहिजे आणि पुराचं पाणी उंबऱ्याशी यायला नको, अशी ती जागा आहे. बाळापूरचा किल्लाही असाच नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर आहे. पुरात चहूकडून पाणी फिरतं, किल्ला कोरडा राहतो. या लोकांकडे पूररेषेचा नकाशा नव्हता. पण मागच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे सांगणारा म्हातारा होता, आणि त्याचं ऐकायची पद्धत होती.

(अगर वेशीवरच्या मराठी शिलालेखात गोविंद आप्पाजीचं नाव आणि १८४३ साल आहे, आणि दहीहंडा वेशीवरचा लेख असद खानाच्या काळाचा आहे. किल्ला कोणी बांधला यावर आपल्याकडे कट्ट्यावर वाद होतात. माझं मत असं की एकाच्या बांधकामाची दुसऱ्याने डागडुजी केली आणि आपलं नाव घातलं. ही परंपरा आजच्या समाजमंदिरांच्या फलकांपर्यंत अखंड चालू आहे.)

तटाच्या आतली घरं बहुतेक धाब्याची. मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर लाकूड, त्यावर काड्या आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची. आता गंमत पाहा. ज्या खारेपणाने आपल्या उत्तरेकडची विहीर नासवली, तीच खारट माती धाब्यावर दाबून बसवली की पाणी झिरपू देत नाही. म्हणजे शापातूनही लोकांनी छप्पर काढलं. मे महिन्यात अशा घरात दुपारी झोप लागते. टिनाच्या आणि स्लॅबच्या घरात काय होतं ते सांगायची गरज नाही, रात्री दोन वाजता गच्चीवर पाणी शिंपडणारे सगळे ही पोस्ट वाचतच आहेत.

पण धाब्याचं फार कौतुकही करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली बहुसंख्य दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली गेली. आपल्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याने गाविलगडचा भ्रंश जातो. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला जमिनीतून आवाज येत होते, लोक घराबाहेर झोपले होते. म्हणून जे घर उन्हापासून वाचवतं तेच भूकंपात धोक्याचं. एक धोका टाळायला बांधलेली वस्तू दुसरा धोका जवळ आणते, हे इथून पुढेही दिसेल.

धान्याचं पाहू. वऱ्हाडात पेव असायचं. नव्या पोरांना 'पेव फुटलं' हा वाक्प्रचार माहीत आहे, पेव पाहिलेलं नाही. गावठाणाच्या उंच, कोरड्या पांढरीत हंड्यासारखा खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड मातीने लिंपून बंद. चांगली भरली तर वर्षानुवर्षं टिकायची. उघडताना लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर आतली हवा विषारी. या नियमाला न जुमानणारे जीवाला मुकल्याच्या गोष्टी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडे आहेत. पेव उंचावर का? खाली ओल लागते. म्हणजे पुरापासून वाचायची जागा आणि धान्य साठवायची जागा एकच. मी म्हणतो ती एक वही हीच.

मग काय झालं? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि साऱ्या जगाची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, अकोला मधलं ठाणं झालं. १८७० ला खामगावची शाखा खुद्द व्हाइसरॉय मेयोने येऊन सुरू केली, इतकं या कापसाचं महत्त्व. त्याच सुमारास असदगडाचा तट पाडला गेला. तटाची गरज नव्हती, खरंच नव्हती. गावाचा जीव नदीच्या पलीकडे सरकला: स्टेशन, ताजनापेठ, जिनं, प्रेस, पुढे सावतराम मिल. पलीकडचं ते शहर झालं आणि अलीकडचं आपलं 'जुने शहर' झालं.

कापसाने पैसा आला हे नाकारू नका. अकोल्यातले मोठे वाडे, शाळा, नाटकगृहं त्याच पैशावर उभी राहिली. पण पैसा आला तसं पेव रिकामं झालं. ज्वारी साठवून ठेवण्यापेक्षा विकणं परवडायला लागलं, लागली तर बाजारातून घेऊ. रेल्वे आहे ना.

१८९६-९७ ला पाऊस हुकला. सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० ला पूर्णच गेला. आपल्याकडच्या मारवाडी घरांत त्याला अजून 'छप्पन्या' म्हणतात, संवत १९५६ चा दुष्काळ. जनगणनेचे आकडे पाहा. १८९१ ला वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजार होती, १९०१ ला २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढायची ती जवळपास दीड लाखाने घटली. भूक, पटकी, ताप, सगळं मिळून. आणि हा काही डोंगरातला मागास मुलूख नव्हता. हिंदुस्थानातला सगळ्यात श्रीमंत कापूस-पट्टा होता हा, दाराशी रेल्वे होती. रुळावर धान्य होतं, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. लक्ष्मण सत्या यांचं वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ या विषयावरचं इंग्रजी पुस्तक आहे, ज्यांना खोलात जायचं त्यांनी जरूर मिळवावं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे पूर्वीचं सगळं चांगलं होतं आणि रेल्वे वाईट. नाही भाऊ, तसं नाही. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली अकोल्यावरून अडगावच्या लढाईला गेला. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी दख्खनसकट वऱ्हाडात भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा रेल्वे नव्हती, पेवं होती. तरी माणसं मेली. फौजा पेवं लुटून नेत आणि बाहेरून धान्य यायला वाट नव्हती. उलट १९७२ चा दुष्काळ घ्या. पाऊस गेला, पिकं गेली, पण माणसं भुकेने तशी मेली नाहीत, कारण बाहेरून मिलो आला, सुकडी वाटली गेली, खडी फोडायचं का होईना काम मिळालं. आमच्या पिढीच्या आईबापांनी ती लाल मिलोची भाकर नाक मुरडत खाल्ली आणि जगले.

मग इतिहास काय सांगतो? फक्त घरच्यावर अवलंबून राहिलं तरी गाव मरतं, फक्त बाहेरच्यावर राहिलं तरी मरतं. बाहेरची मदत येईपर्यंत तग धरेल एवढं घरचं पाहिजे. किती दिवसांचं? मी आपला ठोकताळा दहा दिवसांचा धरतो. कुठलाही पूर, कुठलाही तुटलेला पूल, कुठलीही फुटलेली पाइपलाइन दहा दिवसांत कशीबशी मार्गी लागते. तेवढे दिवस काढता आले पाहिजेत.

आता पाणी. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण अकोल्याची खरी गोम इथेच आहे.

आपलं शहर एका उंबऱ्यावर बसलं आहे. दक्षिणेला पातूर-बार्शिटाकळीकडे काळा दगड, त्यातलं पाणी थोडं पण गोडं. उत्तरेला पूर्णेचा खोल गाळ, त्यातलं पाणी भरपूर पण खारं. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा मिळून नऊशेच्या आसपास गावं. जमिनीखाली पाणी आहे आणि ते पिता येत नाही, शेताला दिलं तर जमीन चिकटते. समुद्रात तहानलेल्या खलाशाची गत, फक्त समुद्र जमिनीखाली. एप्रिल २०२३ मध्ये ६९ गावांच्या पाणीयोजनेवरची स्थगिती उठावी म्हणून बाळापूरचे आमदार खारं पाणी घेऊन पायी नागपूरला निघाले होते, आठवतं? राजकारण सोडून द्या. त्या टँकरमधलं पाणी एक घोट पिऊन पाहिलं असतं तर कोणत्याही पक्षाचा माणूस गप्प झाला असता.

या उंबऱ्यावरच्या गावाला पाणी किती मोलाचं हे आपल्या सगळ्यात मोठ्या सणात दिसतं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन सतरा-अठरा किलोमीटर पायी राजराजेश्वराला आणायचं. हरिहरपेठेची, डाबकी रोडची, गल्लीगल्लीची कावड, शेकडो भरणे, रात्रभर ढोल. ही प्रथा १९४४ च्या दुष्काळात सुरू झाली असं सांगतात. पाऊस नव्हता म्हणून लोकांनी नदीचं पाणी आणून देवाला घातलं. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या ठिकाणी. पण विचार करा, कोणत्या गावाचा सगळ्यात मोठा उत्सव 'बाहेरून पाणी उचलून आणणे' हा असतो? ज्या गावाला ते कायम करावं लागलं त्याचाच.

आधी वाड्यांतल्या विहिरी होत्या. १९०१ मध्ये अकोल्याची लोकसंख्या २९ हजार २८९ होती, विहिरी आणि नदी तेवढ्याला पुरायची. गाव वाढलं तसा इंग्रजांच्या काळात पातूर रस्त्यावरचा कापशी तलाव कामी आला. मग सत्तरच्या दशकात महानचं काटेपूर्णा धरण. तेव्हापासून आपण सगळे एका नळाला लटकलो आहोत.

थोडं गणित करू, मोबाइलवरही होतं. धरणाचा उपयुक्त साठा ८६.३५ दशलक्ष घनमीटर. २०११ च्या जनगणनेत शहर ४ लाख २६ हजार होतं, नंतर हद्दवाढ झाली. आपण सरळ पाच लाख धरू. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी निकष. रोजचे पावणेसात कोटी लिटर, वर्षाचे साधारण २५ दशलक्ष घनमीटर. म्हणजे धरण एकदा तुडुंब भरलं तर कागदावर शहराला तीन वर्षं पाणी आहे. मग २०१७ चा पावसाळा हुलकावणी देऊन गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळ का आला? कारण धरण तेव्हा भरलंच नव्हतं. जे होतं त्यात वाफ आहे, गळती आहे, मूर्तिजापूर आहे, एमआयडीसी आहे, खारपाणपट्ट्यातली खेडी आहेत, आणि धरणाच्या जिवावर रब्बी पेरणारा शेतकरीही आहे. त्या वर्षी त्याचं पाणी बंद झालं. आपल्या नळाला जे पाणी आलं ते त्याच्या हरभऱ्याचं होतं, हे शहरात कोणी बोललं नाही. पुढे वान धरणातलं पाणी अकोल्याला आरक्षित झालं तेव्हा तेल्हारा-अकोटचे शेतकरी रस्त्यावर आले, ते उगाच नाही.

आणि आता दुसरी बाजू. जुलै २०२१. २१ तारखेची रात्र. अकोल्यात एका रात्रीत दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मोर्णा फुगली. कौलखेड, खडकी, खेताननगर, आणि आपल्या बाजूच्या नदीकाठच्या खोलगट वस्त्या पाण्यात. मी दुसऱ्या दिवशी सकाळी बातमीसाठी फिरत होतो. गुडघाभर चिखलात एक म्हातारी आजी गाद्या बाहेर ओढत होती. तिला विचारलं, काय पाहिजे आजी? ती म्हणाली, "समदीकडं पानीच पानी हाये बाबू, पन प्याले घोटभर नाही." हे वाक्य मी त्या दिवशी बातमीत टाकलं होतं, जागेअभावी छापून आलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्या रात्री जुना असदगड आणि त्याच्या उंचवट्यावरची मूळ वस्ती कोरडी होती. बुडाली ती गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नदीच्या पोटात उतरलेली वस्ती. त्यात गरीब होते कारण त्यांना दुसरी जागा परवडत नव्हती. आणि लेआऊटवाले प्लॉटधारकही होते, कारण त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या राज्यात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा पूर येतो तिथवर, आणि लाल, शंभर वर्षांत एकदा येतो तिथवर. या रेषा नकाशात असतात. रस्त्यावर, विजेच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर रंगाने मारल्या तर पोरालाही समजेल की पाणी इथवर येऊ शकतं. खर्च किती? एक डबा ऑइलपेंट. पण खांबावर लाल पट्टा दिसला की प्लॉटचा भाव पडतो, म्हणून तो पट्टा मारायला कोणाचा हात उठत नाही.

आता दोन्ही बाजू जोडा. अकोल्यात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटाच्या छपरावर वर्षाला सत्तर हजार लिटर. वीस टक्के वाया गेलं तरी पंचावन्न हजार उरतात. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज शंभर लिटर धरलं, तर दीड वर्षाचं पाणी. २१ जुलैच्या त्या एका रात्रीत त्याच छपरावर पंधरा हजार लिटर पडलं. पाच महिन्यांचं पिण्याचं पाणी एका रात्रीत आपल्या डोक्यावर पडलं, आणि आपण ते नालीवाटे मोर्णेत सोडून खालच्या गल्लीतल्या माणसाच्या घरात पाठवलं. मग मे महिन्यात महानहून नळ येईना म्हणून घागर मोर्चा काढला. जे पाणी आपल्याला बुडवतं तेच आपलं तहानेचं पाणी आहे. दोन टेबलांवर दोन फायली ठेवल्या की हे दिसत नाही.

सगळे पंधरा हजार लिटर घरात साठवता येत नाहीत, मान्य. गरिबाकडे टाकीला जागा नसते. पण जुन्या वाड्यांतल्या विहिरी अजून आहेत. काहींवर जाळी, काहींवर फरशी, काहींत निर्माल्य आणि जुने टायर. छपराचा एक पाइप त्या विहिरीत गाळून सोडला तर विहीर हीच टाकी. उंबऱ्यावरच्या गावात तर याचा दुप्पट फायदा, वरून गोडं पाणी मुरलं की खालचं खारेपण पातळ होतं. खारपाणपट्ट्यातले शेतकरी शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी धरून हरभरा वाचवतात. त्यांना हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही.

नदीबद्दलही एक बोलतो. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा साफ करायला उतरले. प्रधानमंत्र्यांनी 'मन की बात' मध्ये कौतुक केलं. मीही पँट वर करून जलकुंभी ओढली होती, फोटोही आहे. छान दिवस होता. पण नाल्याचं पाणी नदीत सोडणं चालूच राहिलं, आणि जलकुंभीला तेच लागतं. ती पुन्हा आली. पूर येतो तेव्हा हीच जलकुंभी पुलाच्या कमानीत अडकून पाणी तुंबवते. म्हणजे नदी साफ ठेवणं हा पूरनियंत्रणाचा भाग आहे, सेल्फीचा नाही.

आता वाटांचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामच्या पूर्णेवरच्या जुन्या पुलाला तडा गेला आणि वाहतूक बंद झाली. अकोला-अकोट हे पंचेचाळीस किलोमीटर. एकाएकी लोक म्हैसांग-दर्यापूरकडून वळसा घालायला लागले. अकोटची रेल्वे तर २०१७ पासून रुंदीकरणासाठी बंद होती. ती नोव्हेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा लोकांनी गाडीला हार घातले. दिवाळीच्या तोंडावर अकोटच्या बाजूचा भाजीपाला, पेशंट, कॉलेजची पोरं, सगळं अडकलं. एक पूल. तो एकटा पूल तुटल्यावर जिल्ह्याचे दोन तुकडे होतात ही माहिती कोणत्याही दिवशी नकाशा पाहिला असता तर मिळाली असती.

शहरात काय पिकतं, काय बनतं? डाळ. आपल्या दालमिलची डाळ देशभर जाते, हे खरं भांडवल आहे, जरी तूर कधी आफ्रिकेतून तर कधी म्यानमारमधून येते. ज्वारी? आजोबांच्या काळी ताटात तीच होती. आज जिल्ह्यात सोयाबीन आणि कापूस. विद्यापीठात ज्वारीवर संशोधन होतं आणि बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळते. वीज? पारसला पाचशे मेगावॉट तयार होते, कोळसा बाहेरून येतो आणि वीज ग्रीडमध्ये जाते. वादळात डीपी जळाली की पारसच्या सावलीतही अंधारच. नळाचा पंपही विजेवर चालतो हे लक्षात ठेवा. म्हणजे वीज गेली की पाणीही गेलं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आपल्या दाराशी तर जंक्शन आहे, म्हणून निवांत राहू नका. पाण्याची रेल्वे मागायची वेळ आली म्हणजे आधीचं सगळं हुकलेलं असतं.

मग दहा दिवसांची शिदोरी म्हणजे काय काय? मोठी योजना नको. प्रत्येक गल्लीला एक चालू विहीर, तिला दोर आणि बादली, वीज नसली तरी पाणी काढता येईल अशी. नदीकाठच्या प्रत्येक वस्तीला उंचावरची एक ठरलेली जागा, शाळा असो, मशीद असो, मंदिर असो, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे लोकांना पाठ. मे २०२३ नंतर आपल्या दोन्ही बाजूंच्या मोहल्ल्यांत अविश्वास आहे, मी ते लपवत नाही. पण पूर कोणत्या गल्लीत आधी शिरायचं ते आडनाव पाहून ठरवत नाही. जुलै २०२१ ला ज्यांनी एकमेकांच्या म्हाताऱ्यांना पाठीवर बसवून काढलं ते लोक याच शहरातले आहेत. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघडं राहील असं एक थंड सभागृह, हमालांसाठी, रिक्षावाल्यांसाठी. घरात दहा दिवसांचं पीठ-डाळ-मीठ, जे बहुतेक आया तसंही ठेवतात. आणि एकटे राहणारे म्हातारे कोणत्या घरात आहेत याची यादी गल्लीतल्या कोणाच्या तरी वहीत.

२००५ च्या कायद्याने जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो, आणि तो होतो. पण जिल्ह्याचा आराखडा हा जिल्ह्याच्या उंचीवरून पाहतो. त्याला अगर वेशीजवळची विहीर दिसत नाही. ती आपल्याला दिसते.

तेव्हा काम असं. मी आणि दोन निवृत्त शिक्षक मिळून जुने शहरातल्या विहिरींची वही करतो आहोत. तुमच्या वाड्यात, गल्लीत, मंदिरा-मशिदीच्या आवारात विहीर असेल तर कमेंटमध्ये नाही, इनबॉक्समध्ये कळवा (घराचा पत्ता उघड्यावर टाकू नका). एवढंच सांगा: पाणी गोडं की खारं, मे महिन्यात किती हात खाली जातं, वर काय झाकलंय, आणि शेवटचं पाणी कधी काढलं. २०२१ च्या पुराचं पाणी तुमच्या भिंतीवर कुठवर आलं होतं त्याचा डाग अजून दिसत असेल तर पायरीपासून डागापर्यंत टेप लावून मोजा आणि आकडा पाठवा. डागाला चुना मारायच्या आधी. दिवाळीची रंगरंगोटी जवळ आली आहे.